खंडेनवमीला जोडलेली दांडी

"दांडी पायासाठी, की दगडासाठी?"

या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत परसू अण्णा हलगेकर कोणाच्याही जीपला हात लावत नसत. बेंगळूरला यशवंतपूरमध्ये घाऊक बाजाराच्या मागे, लॉऱ्यांच्या तळाला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. जीपगाड्यांच्या दोन्ही अंगांना, दारांच्या खाली, लोखंडी नळीच्या दांड्या बसवणे हा त्यांचा धंदा. गाडी कारखान्यातून येते तेव्हा तिला त्या नसतात. ज्याला हव्यात तो मागाहून बसवून घेतो. पाय ठेवून चढायचे असेल तर दांडी खाली आणि बाहेर आलेली हवी. रानातल्या वाटेवर दगडाचा मार गाडीच्या पत्र्याऐवजी दांडीने खायचा असेल, तर ती जाड आणि अंगालगत हवी. दोन्ही कामे एक दांडी करू शकत नाही असे अण्णांचे मत होते, आणि त्यांच्या शेडमध्ये दुसऱ्या मताला जागा नव्हती.

नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षे. विजेच्या मनोऱ्यांसाठी जमिनीची पाहणी करणाऱ्या एका कार्यालयात मी वाहन-अधिकारी होतो. माझ्या ताब्यात सहा जीप होत्या. त्या घाटातल्या रानांत जात आणि दोन्ही बाजूंनी चेपून परत येत. दांड्या बसवण्याचा हुकूम निघाला आणि मी सहाही गाड्या अण्णांच्या दारात उभ्या केल्या.

अण्णा तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. काटकुळे, खाकी सदरा, गळ्यापर्यंत बटणे लावलेली. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई. लहानशी हातोडी घेऊन ते प्रत्येक गाडीखाली शिरले आणि चासीवर, म्हणजे ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर सारी गाडी तोललेली असते त्यांवर, इंच-इंच सोडून ठोकत उजवा कान लावून ऐकत राहिले. पाच गाड्या त्यांनी ठेवून घेतल्या. सहावीला ते म्हणाले, "हिला बसवणार न्हाई."

मी कारण विचारले. चासी आतून कुजली आहे, असे त्यांनी सांगितले. दांडी दिसली की माणूस विश्वासाने पाय टाकतो, आणि त्या विश्वासाला खाली आधार नाही. मला नकार ऐकण्याची सवय नव्हती. मी ती सहावी गाडी दुसरीकडून करून घेतली. तीन महिन्यांनी तिची दांडी चासीच्या तुकड्यासकट गळून पडली. सुदैवाने गाडी उभी होती. मी तो तुकडा घेऊन यशवंतपूरला गेलो. अण्णांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "चहा घेता?" त्या दिवसापासून मी त्यांना अण्णा म्हणू लागलो.

ते मूळचे खानापूरकडचे. तीस वर्षांपूर्वी बेंगळूरला आले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. शेडच्या मागच्या खोलीत एकटेच राहत. गिऱ्हाइकांशी कानडी बोलत, शेजारच्या शेडमधल्या जॉन या वेल्डरशी तमिळ. मराठी माझ्यासारख्या दोघा-चौघांपुरती उरली होती. मोजताना मात्र ते नेहमी कानडीतच मोजत.

व्हाइटफील्डकडे तेव्हा नव्या कंपन्या येऊ लागल्या होत्या. तिकडे नोकरीला आलेला पुण्याचा एक तरुण नवी कोरी जीप घेऊन आला. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, पायासाठीही नको आणि दगडासाठीही नको, नुसती दिसायला हवी, लुक येतो. अण्णा म्हणाले, "मग रंगवून घ्या की. वजन बी न्हाई." तो हसला, पण गेला नाही. अण्णांनी घरी कोण कोण आहे ते काढून घेतले. आई आहे, गुडघे दुखतात, गाडीत बसायला तयारच होत नाही. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन या, असे सांगून त्यांनी त्याला परत पाठवले. ती बाई रिक्षातून आली. अण्णांनी जीपच्या दाराशी विटा रचल्या, एक काढून, एक घालून तिला पुनःपुन्हा पाय उचलायला लावला आणि जिथे तिच्या तोंडावर दुखल्याची खूण उमटली नाही तिथे खडूने रेघ मारली. दांडी त्या रेघेवर बसली. तरुणाच्या मते ती फार खाली गेली होती आणि शोभत नव्हती. ते त्याने अण्णांना सांगितले नाही. मला सांगितले.

दुसरे एक गिऱ्हाईक वजनदार होते. कोणत्या तरी पक्षाचा पुढारी. धावत्या जीपच्या दोन्ही अंगांना आपली माणसे उभी राहावीत म्हणून त्याला दांड्या हव्या होत्या. त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. अण्णांनी दांड्या बसवल्या. भक्कम, चकचकीत. फक्त त्या बाहेरच्या बाजूला किंचित कलत्या होत्या. चढताना पाय टेकायला अडचण नाही, पण दोन मिनिटांहून अधिक उभे राहिले की पोटऱ्या भरून येत. आठवड्याभरात ती माणसे गाडीच्या आत बसून फिरू लागली. पुढाऱ्याने निरोप पाठवून विचारले, तेव्हा अण्णांनी पावसाचे पाणी निथळावे म्हणून कल दिल्याचे कळवले.

हे सारे सांगितले ते एवढ्यासाठी की दांडी म्हणजे त्यांच्या लेखी नुसते लोखंड नव्हते. तिच्यावर कोण उभे राहणार आणि मग त्याचे काय होणार, हे ठरवल्याशिवाय ते नळी कापत नसत.

आणि त्यांचा एक नियम होता. "चासीला आग लावायची न्हाई." आसपासचे सगळे शेडवाले दांडी पेलणारे ब्रॅकेट सरळ चासीला वेल्डिंग करत. काम अर्ध्या दिवसात होते. अण्णा भोके पाडून बोल्टने आवळत. त्याला दोन दिवस लागत. वेल्डिंगच्या टाक्याची जागा मजबूत असते, पण टाक्याच्या शेजारचे लोखंड त्या आगीने आपली मूळची ताकद गमावते, असे ते सांगत. वरून पाहून काही कळत नाही. वर्ष जाते, दोन वर्षे जातात, मग केसासारखी चीर पडते. ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मी यंत्रशास्त्र शिकलेला माणूस आहे. त्यांचे म्हणणे खरे होते.

हा नियम त्यांनी एकदा मोडला. मी तेथे होतो.

खंडेनवमीचा दिवस होता. आमच्या मराठी घरांत खंडेनवमी आणि कर्नाटकात आयुधपूजा, दिवस एकच. अण्णांनी आपली सारी हत्यारे धुऊन, पुसून पांढऱ्या कापडावर मांडली होती. ड्रिल मशीन मध्ये, भोवती नटबोल्टचे पाने, करवती, छिन्न्या, ती हातोडी. प्रत्येकावर हळद-कुंकू आणि शेवंतीचे फूल. पूजेला बसलेले हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पुन्हा पूजा करूनच उचलायचे. मला प्रसादाला बोलावले होते. चुरमुरे आणि केळे हातात घेऊन मी बाकावर बसलो होतो.

दुपारी बाराच्या सुमारास गौडा आला. सकलेशपूरच्या पुढे त्याचा कॉफीचा मळा होता. चाळिशीतला, मितभाषी, नम्र माणूस. त्याच्या हिरव्या जीपच्या दांड्या अण्णांनी तयार करून ठेवल्या होत्या. तो आदल्या दिवशी येणार होता. वाटेत टायरने दगा दिला. आता काम आजच हवे होते. दुसऱ्या दिवशी मळ्यावरच्या बायकांना देवीच्या देवळात न्यायचे होते. मागच्याच आठवड्यात चाकावर पाय देऊन चढताना एक बाई घसरली आणि तिच्या गुडघ्याची वाटी फुटली.

अण्णांनी त्या बाईचे वय विचारले. तिला मुले किती ते विचारले. मग ते कापडावरच्या ड्रिल मशीनकडे बराच वेळ पाहत राहिले. आसपासच्या सगळ्या शेडमधली ड्रिल मशीने त्या दिवशी कुंकू लावून बसलेली होती. जॉनकडे ड्रिल नव्हते. त्याच्याकडे फक्त वेल्डिंगचे यंत्र होते, आणि ते पूजेत नव्हते. जॉन ख्रिस्ती. त्याचे काम चालू होते.

जॉनने तारा ओढत यंत्र आणले. तुमच्या देवाला माझे यंत्र चालेल का, असे त्याने तमिळमध्ये विचारले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी स्वतः टाके घातले, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. काम सुबक झाले. गौडाने दांडीवर उभे राहून पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

"आठ दिवसांत गाडी परत आणा," अण्णा त्याला कानडीत म्हणाले. "टाके कापतो, बोल्ट घालतो. हे काम खरं न्हवे."

"सरी, सरी," गौडा म्हणाला, म्हणजे ठीक आहे.

मी केळे सोलत होतो. पूजेचा नियम पाळण्यासाठी त्यांनी धंद्याचा नियम मोडला, हे मला दिसत होते. मी पाहुणा होतो. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, असे मला वाटले.

आठ दिवस गेले. दिवाळी आली. गौडा आला नाही.

मळ्यावर फोन होता, पण लागत नसे. अण्णांनी मला इंग्रजीत पत्र लिहून द्यायला सांगितले. मी लिहिले. धोका काय आहे, गाडी का आणावी, एका पैशाचाही खर्च कसा पडणार नाही. वीस दिवसांनी उत्तर आले. गौडाने मनापासून आभार मानले होते. दांड्या उत्तम आहेत, जराही हलत नाहीत. आता तोडणीच्या हंगामात एकेका बाजूला चार-चार बायका उभ्या राहून वर मळ्यावर जातात, त्यामुळे एक खेप वाचते. हंगाम संपला की जानेवारीत पाहू.

मी ते मराठीतून वाचून दाखवले. अण्णांनी चार-चार हे शब्द पुन्हा वाचायला सांगितले. त्यांनी ती दांडी चढण्या-उतरण्यासाठी केली होती. उभे राहून प्रवास करण्यासाठी नव्हे.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट केली, जी मी दुसऱ्या कोणत्या कारागिराला करताना पाहिलेली नाही. भंगारातून त्यांनी त्याच जातीच्या जीपच्या चासीचा हातभर तुकडा आणला. जॉनच्याच यंत्राने, त्याच जातीच्या वेल्डिंगच्या कांड्या वापरून, त्यावर तसेच ब्रॅकेट आणि तशीच दांडी जोडली. तो तुकडा त्यांनी शेडच्या खांबाला पक्का जखडला. आणि रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी ते त्या दांडीवर चढून उड्या मारू लागले. दिवसभरात जो येईल त्याला, गिऱ्हाईक असो, चहावाला असो, तिच्यावर चढायला लावत. अण्णांनी आता तालीम काढली आहे, असे जॉन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मलाही चढावे लागले. "या की साहेब," अण्णा म्हणाले, "तुमचं वजन चांगलं हाय." चेष्टा होती, पण म्हणताना त्यांचे डोळे दांडीकडे होते.

संध्याकाळी ते चासीचा तुकडा रॉकेलने पुसत, चीर असलीच तर उमटावी म्हणून खडूची पूड चोळत आणि उजेडाकडे धरलेल्या भिंगातून टाक्याची कड तपासत. नोव्हेंबर असाच गेला. तुकडा तसाच राहिला. हळूहळू मला हे सारे अतिरेकाचे वाटू लागले. मी तसे बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "न तुटली तर बरंच की, साहेब. मी येडा ठरतो, एवढंच."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी कार्यालयात फोन केला. यापूर्वी त्यांनी कधी फोन केला नव्हता. मी गेलो. शेडमध्ये काम बंद होते. अण्णांनी भिंग माझ्या हातात दिले. पांढऱ्या खडूच्या पुडीत, टाक्याला अगदी खेटून, एक काळी रेघ उमटली होती. बोटभर लांब. नखाने खरवडली तर जात नव्हती.

"इथं रोज पाच-धा माणसं चढत्यात," ते म्हणाले. "तिथं आठ-आठ बायका, आणि खाली घाटाचा रस्ता."

माझी एक गाडी त्या भागात पाहणीला जाणारच होती. मी ती स्वतः घेऊन निघालो. अण्णा शेजारी बसले, मांडीवर हत्यारांची पिशवी. हासनपर्यंत ते समोरून येणाऱ्या प्रत्येक जीपकडे वाकून पाहत होते. रात्रीचा मुक्काम सकलेशपूरला करून सकाळी सात वाजता आम्ही मळ्याच्या फाटकात शिरलो.

कॉफी वाळवायच्या अंगणात हिरवी जीप उभी होती. बायका टोपल्या घेऊन जमत होत्या. अण्णांनी कोणाची परवानगी घेतली नाही. सरळ खाली शिरले. मला बाहेरून त्यांचे बोट दिसले. डाव्या चासीच्या खालच्या कडेवर, मधल्या एका टाक्याजवळ. मी वाकून पाहिले. चीर कड ओलांडून उभ्या पट्टीत दोन इंच वर चढली होती. तिच्या ओठांवर तांबडी भुकटी होती. मळ्याचा ड्रायव्हर म्हणाला की वळणावर आठवडाभर काहीतरी टक् करून वाजते, ग्रीस घालून पाहिले, थांबत नाही.

गौडा आला. त्याने आमचे स्वागत केले, कॉफी मागवली, वाकून पाहिले. गाडी बंद ठेवा, चासी बदलावी लागेल, असे अण्णांनी सांगितले. मीही माझे पद सांगून तेच सांगितले. गौडाने शांतपणे ऐकून घेतले. फळ झाडावर पिकून चालले आहे, तीन मैलांचा चढ आहे, बायका चालत गेल्या तर दुपार होते, असे तो म्हणाला. पंधरा दिवस. नंतर गाडी तुमची. अण्णांनी पुन्हा सांगितले. पंधरा दिवस ती टिकणार नाही, कदाचित आजचा दिवसही टिकणार नाही.

गौडाचा आवाज प्रथमच बदलला. "काम तुमचंच आहे ना? तुमच्या दांड्यांचा त्रास होतो, तर दांड्या कापून न्या. बायका आत दाटीनं बसतील. अर्ध्या तासात गाडी मोकळी करा." तो घराकडे गेला.

अण्णा मग पिशवीतून करवत काढून खाली शिरले.

नळी कापताना करवतीचा आवाज पोकळ, खणखणीत येतो. मला तो ओळखीचा होता. मी ऐकत होतो तो आवाज भरीव होता, जड. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आले की दांडी कापली जात नाही. ड्रायव्हर माझ्या शेजारी उभा राहून बिडी ओढत होता. किती वेळ लागेल, असे त्याने मला विचारले.

"अजून थोडा," मी म्हणालो.

पाऊण तासाने काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि जीप डाव्या अंगाला चार बोटे खाली बसली. दाराची फट तिरकी झाली. अण्णा बाहेर आले. सदरा पाठीवर घामाने भिजला होता. डाव्या बाजूची चासी त्यांनी चिरेच्या जागी आरपार कापली होती.

गौडा आवाज ऐकून आला. त्याने गाडीकडे पाहिले, मग अण्णांकडे.

"मी दांड्या कापायला सांगितल्या होत्या."

"तेवढ्यानं चीर थांबली नसती," अण्णा म्हणाले.

गौडाने हात उचलला नाही. शिवी दिली नाही. ते झाले असते तर मला कमी भय वाटले असते. त्याने अण्णांच्या हातातून करवत घेतली, ड्रायव्हरला हाक मारून फाटक बंद करायला सांगितले आणि मळ्यावरच्या दोघांना बोलावले. ते झाडांची छाटणी करत होते. कोयते हातात घेऊनच आले. मग गौडा माझ्याकडे वळून म्हणाला की आपण अधिकारी आहात, आपण जाऊ शकता. हे इथेच राहतील.

दुसरी चासी येईपर्यंत मी इथून हलणारच नाही, असे अण्णा म्हणाले. जणू गौडाने त्यांचीच अट सांगितली होती. मी थांबतो, असे मी म्हटले. "तुमी जावा, साहेब," ते म्हणाले. "गाडी हापिसची हाय, उगा गुंतू नका." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. मी निघालो. स्वतःची समजूत घालायला त्या तथ्याचा उपयोग मी आजवर अनेकदा केला आहे.

संक्रांतीनंतर मी यशवंतपूरला गेलो. शेडला कुलूप होते. जॉनने सांगितले की अण्णांचे एक कार्ड आले होते, सगळी हत्यारे लॉरीने मळ्यावर पाठव म्हणून. त्याने पाठवली. त्यानंतर पत्र नाही. मी गौडाला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. मार्चमध्ये माझी नागपूरला बदली झाली. मी तिकडे पुन्हा गेलो नाही. जाता आले असते.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते फाटकातून. कुलूप निघेपर्यंत मला गाडी उभी ठेवावी लागली, आणि मी मागे पाहिले. अण्णा अंगणाच्या कडेला, चढाच्या वाटेवरच, जमिनीवर बसले होते. दोन्ही माणसे त्यांच्यापासून दहा पावलांवर उभी होती. जीप निघणार नाही हे कळल्यावर बायका टोपल्या डोक्यावर घेऊन चालत निघाल्या. तीन मैलांचा चढ होता, आणि ऊन वर येत होते. त्यांच्या वाटेतच त्यांची गाडी कापणारा तो माणूस बसला होता. एकीने याचे हात झडोत म्हटले. दुसरीने काही पुटपुटत त्यांच्या पुढ्यात थुंकले. त्यांना वाट मिळावी म्हणून अण्णांनी पाय आखडून घेतले. एकेक बाई पुढून जात होती आणि ते मान वळवून तिला वर जाताना पाहत होते.

शेवटची बाई वळणाआड गेली. मग ती दोन माणसे त्यांच्याकडे चालू लागली. माझ्यासाठी फाटक उघडले होते.